माउंट काढून फोटो काचेला टेकवू नका

‘माउंट म्हणजे फ्रेमवाल्यांची लूट’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माउंट म्हणजे फ्रेममध्ये काचेमागे, फोटोभोवती बसवलेली, मधोमध खिडकी कापलेली जाड बोर्डाची चौकट. मी त्याकडे दोनदा दुर्लक्ष केले. परंतु परवा नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याने तो प्रमाण मानून आजोबांच्या कृष्णधवल फोटोचा माउंट सोडवायला घेतला, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

त्यातली सर्वांत घातक सूचना अशी की, माउंट केवळ शोभेचा असल्यामुळे तो काढून फोटो थेट काचेला टेकवावा. जुन्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते, आणि जिलेटिन ओलावा शोषून फुगते, मऊ पडते व काचेला चिकटते. दीडेक मिलिमीटर जाडीचा माउंट काच आणि फोटो यांच्यात पोकळी राखतो, हे त्याचे पहिले काम. शोभा त्यानंतर येते. ‘आपल्याकडची हवा कोरडी, इथे कसला ओलावा?’ असेही संदेशकर्ता विचारतो. या गृहस्थांनी नागपूरचा मे महिना घरात बसून काढलेला दिसत नाही. बाहेर पारा 45 अंशांवर असला, तरी खिडकीतला कूलर दिवसभर ओली हवा आत फेकत असतो, आणि आत्याच्या बैठकीत फोटोंची भिंत नेमकी त्याच्या समोर आहे. तिथेच माउंटविना लावलेल्या तिच्या लग्नाच्या फोटोवर मी टॉर्च तिरपा धरून पाहिला. नवरदेवाच्या फेट्यापाशी रुपयाएवढा, ओलसर भासणारा चकचकीत डाग आहे. तिथे फोटो काचेला धरून बसला आहे. तो ओढला, तर फेटा काचेवरच राहील.

दुसरी सूचना चारही कडांना सेलोटेप लावण्याची आहे. कागद हवेनुसार फुगतो व आकसतो. चारही बाजूंनी जखडला की तो लाटा धरतो, आणि सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, ते वेगळेच. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतनविषयक सूचनांमध्ये कलाकृती काचेला टेकू न देण्याचा आणि ती जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, म्हणजे लहान कागदी पट्ट्यांवर, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने बसवण्याचा सल्ला आहे. अशा बिजागऱ्या वरच्या कडेलाच लावतात, म्हणजे कागद खाली मोकळा लोंबतो.

माउंटच्या बोर्डाबद्दल ‘ॲसिड-फ्री (आम्लरहित) हे नुसते नाव आहे’ या संदेशातल्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त बोर्डात आम्ल शमवायला खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट मिसळले, तरी त्यातले लिग्निन हे लाकडाचे द्रव्य कालांतराने पुन्हा आम्ल तयार करू शकते, आणि माउंटच्या खिडकीच्या कडेलगत चित्रावर तपकिरी रेघ उमटते. पण यावरून कापसाच्या तंतूंचा बोर्ड मागावा असे ठरते. पुठ्ठा किंवा कार्डशीट वापरावी असे मुळीच नाही. कॅलेंडरच्या चित्राला मात्र खुशाल काहीही लावा.

उरला माउंटच्या खिडकीच्या कडेचा 45 अंशांचा तिरपा काप. तो दिखाऊ आहे असे म्हणणाऱ्याने सरळ कापाची सावली चित्रावर पडलेली पाहावी. तो घरीही साधतो. बोर्ड मागच्या बाजूने कापायचा, खाली टाकाऊ बोर्डाचा तुकडा ठेवायचा आणि पाते बदलण्यात कंजुषी करायची नाही. माउंटची खालची पट्टी थोडी रुंद ठेवणे ही संदेशात म्हटली आहे तशी ‘चूक’ नव्हे, जुनी पद्धत आहे.

आजोबांच्या फोटोचा माउंट मी परत बसवला आहे. लग्नाचा फोटो काचेसकट स्कॅन करून घ्यायचा आहे, आणि तोवर ती फ्रेम कुणीही उघडायची नाही, असे आत्याला बजावून आलो आहे.