बेल्ट तर चांगलाय की!

जुन्या गाडीचा एक गुण मानलाच पाहिजे, ती सगळं बोलून दाखवते. ब्रेक किंचाळतात, सस्पेन्शन कुरकुरतं, सायलेन्सर तर अख्ख्या गल्लीला आपली तब्येत सांगतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा रबरी दातेरी पट्टा, मात्र महाघुम्या. कव्हरच्या आत वर्षानुवर्षं गपचूप फिरतो आणि एक दिवस कसलीही पूर्वसूचना न देता तुटतो. मग कॅम जागीच थांबतो, क्रँक फिरतच राहतो आणि इंजिन इंटरफिअरन्स जातीचं, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह आळीपाळीने एकाच जागेत येणारं असेल (बऱ्याच गाड्यांचं असतंच) तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकले, हेड खोला, पुढचं विचारू नका.

म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं, जे आधी होईल तेव्हा बेल्ट बदला. बऱ्याच गाड्यांना हे ६०,००० ते १,००,००० च्या मध्ये कुठेतरी येतं. "आपली कुठे एवढी फिरते" असं घरचे म्हणाले. खरंय, पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, हे त्यांना कोणी सांगायचं? मीच सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

आता बेल्ट घ्यायचा म्हणजे काय, मॉडेल सांगितलं की मिळेल असं वाटतं ना? दुकानदाराने इंजिन नंबर मागितला, कारण त्याच मॉडेलमध्ये मधेच कधीतरी इंजिन बदललं होतं, आणि मग समोर दोन बेल्ट ठेवले, जुळे भाऊ. रुंदी तीच, दात सारखेच दिसतायत. म्हणून मोजायला बसलो. बेल्ट गोल असल्यामुळे सुरुवात कुठून केली हेच हरवतं, आणि शंभरीच्या जवळ आलं की शेजारचं गिऱ्हाईक हमखास "काय, दात मोजताय?" असं विचारतं. शेवटी एका दातावर खडूची खूण केली तेव्हा जमलं. दात सारखे भरले तरी त्यांचा आकार बघावा लागतो, एकाचे कडेला सरळ उतरते, दुसऱ्याचे गोलसर, आणि चुकीचा आकार पुलीत नीट बसत नाही.

त्यानंतर आलं जगातलं सगळ्यात महाग वाक्य, "उघडतोच आहोत तर". टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) घ्या, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) घ्या, वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो तर तोही घ्या. राग यायला हवा, पण येत नाही, कारण मेकॅनिकचं बरोबर असतं. जुनं बेरिंग पुढे जाम झालं तर नव्या बेल्टलाही घेऊन जाणार आणि पंप गळला तर हीच मजुरी परत.

खोलायला घेतल्यावर चाक काढलं, इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावला, माउंट सोडलं. क्रँक पुलीचा बोल्ट मात्र हलेना. लांब पाइप घालून दोघं लटकले तेव्हा कुठे कट्ट करून सुटला, आणि त्या आवाजाला बोल्ट सुटला की तुटला हे कळेपर्यंत माझा जीव वर. मग आतल्या खुणा जुळवल्या. मेकॅनिकने पुलीवरची काजळी अंगठ्याने पुसली, बारीकशी खाच दिसली, तिच्यावर व्हाइटनरचा ठिपका दिला. एक दात इकडेतिकडे झाला तर काय एवढं, असं मी विचारलं. तो म्हणाला, क्रँकच्या पुलीला २० दात धरले तर एक दात म्हणजे १८ अंश, गाडी एकतर ओढणार नाही नाहीतर थरथरत राहील. मी गप्प.

मग जुना बेल्ट बाहेर आला आणि घात झाला. एक चीर नाही, दात शाबूत, पाठीवरचे आकडेसुद्धा वाचता येतायत. वडील मागे उभेच होते. "अरे, बेल्ट तर चांगलाय की!"

नवा चढवला, टेन्शनर सोडला, पण लगेच चावी मारायची नाही. पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवायचा, कारण तेव्हा कॅमचा एक फेरा होतो आणि सगळ्या खुणा परत समोरासमोर यायला हव्यात. मध्येच कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. ते दोन फेरे मेकॅनिकने शिट्टी वाजवत घातले, मी श्वास धरून.

गाडी चालू झाली. कशी? अगदी आधीसारखीच. पिकअप तोच, अॅव्हरेज तेच, आवाजही तोच. घरी बायकोने एक चक्कर मारून विचारलं, "नक्की काय बदललं?" बिल दाखवलं.

वडिलांनी तो जुना बेल्ट कागदात गुंडाळून डिकीत ठेवलाय, वेळेला असावा म्हणून.