लावलेला सीसीटीव्ही घाईने काढू नका

जालना, परभणी, लातूरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘चिनी सीसीटीव्हीवर सरकारची बंदी. दुकानात सापडला तर दंड. लगेच काढा, भारतीय कंपनीचा लावा, डेटा सुरक्षित.’ सोयाबीनला हमीभाव मिळेना अशा दिवसांत मोंढ्यातले आडते हा मेसेज वाचून चांगला चालणारा सेट बदलायला निघालेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सापडला तर दंड.’ हे साफ खोटं आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची अधिसूचना ९ एप्रिल २०२४ ची, अंमल ९ एप्रिल २०२५ पासून. बंधन आहे ते कॅमेरा बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. तुमच्या भिंतीवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्याला ती हात लावत नाही. दंडाची भीती घालून कोणी नवीन कोटेशन पुढे केलं, तर नियम कुठे लिहिलाय ते दाखवायला सांगा.

‘चीनवर बंदी.’ आदेशात कोणत्याच देशाचं नाव नाही. कॅमेऱ्याचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत तपासून घ्या, मगच विका, एवढी अट आहे. ती कोरियाच्या हनव्हाला आणि अमेरिकेच्या मोटोरोलालाही लागू आहे, आणि मुदत वाढवा म्हणून परदेशी कंपन्यांनी सरकारकडे धाव घेतली होती. चिनी कंपन्यांना प्रमाणपत्र मिळणं जास्त अवघड गेलं, हे मात्र खरं. त्यामागची काळजीही पोकळ नाही. सरकारी कार्यालयांत चिनी कंपन्यांचे सुमारे १० लाख कॅमेरे आहेत, असं तत्कालीन राज्यमंत्री संजय धोत्रे यांनीच २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं.

‘भारतीय कंपनी म्हणजे झालं.’ डब्यावरचं नाव भारतीय असलं तरी आतला सेन्सर, चिप बाहेरून आलेली असू शकते. प्रमाणपत्र मॉडेलला मिळतं, ब्रँडला नाही. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरचं एसटीक्यूसी (इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची तपासणी संस्था) प्रमाणपत्र मागा.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘डेटा सुरक्षित.’ २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. आपल्याकडे आजही तेच चाललंय. डीव्हीआरच्या डोक्यावर स्टिकर, त्यावर पासवर्ड, आणि बसवणाऱ्याने गावातल्या सगळ्या दुकानांना तोच दिलेला. त्याहून वाईट म्हणजे मोबाइल अॅपमध्ये मुख्य खातं बसवणाऱ्याच्याच नंबरवर असतं. मालकाला नुसतं शेअर केलेलं. तो मुलगा उद्या काम सोडून पुण्याला गेला, तरी तुमचा गल्ला त्याच्या मोबाइलवर दिसत राहतो. हे कुठल्याही देशाच्या कॅमेऱ्यात होतं. डीव्हीआर आपल्या नंबरवर करून घ्या, जुनी खाती काढा, पासवर्ड बदला.

पण नुसता पासवर्डही पुरत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजन या चिनी कंपनीच्या अनेक मॉडेलमध्ये अशी त्रुटी उघड झाली, की पासवर्डशिवाय कॅमेऱ्याचा ताबा घेता येत होता. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं, पण ते आपोआप चढत नाही, कोणीतरी टाकावं लागतं. तुमचा सेट जुना असेल तर फर्मवेअरची तारीख बघा. अपडेट येणंच बंद झालं असेल तर इंटरनेटची वायर काढून ठेवा. रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर चालूच राहतं, फक्त मोबाइलवर दिसणार नाही.

शाळांनी तर हे आधी बघावं. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात कॅमेरे लावायला सांगितलं. त्या घाईत फुटेज कोण बघू शकतं हे कोणी विचारलं? मुख्याध्यापकांनी बसवणाऱ्याकडून अॅपमधल्या सगळ्या खात्यांची यादी लेखी मागावी, आणि नवीन कोटेशनमध्ये मॉडेल नंबर, प्रमाणपत्र आणि फर्मवेअर अपडेट किती वर्षं देणार, ही तीन कलमं घातल्याशिवाय सही करू नये.