पी-ई दहाच्या आत, लाभांश आठ टक्के : स्वस्त शेअरच्या सूत्राचा प्रतिवाद

‘पी-ई दहाच्या आत, भाव पुस्तकी मूल्याहून कमी आणि लाभांश उतारा आठ टक्क्यांच्या वर असेल, तर शेअर स्वस्त आहे हे सिद्ध झाले, तो घ्या, मुदत ठेवीहून अधिक व्याज घरबसल्या आणि तेही करमुक्त मिळेल’, असा सल्ला सध्या सर्वत्र फिरतो आहे. पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा, पुस्तकी मूल्य म्हणजे देणी वजा जाता उरणारी प्रतिशेअर मालमत्ता आणि लाभांश उतारा म्हणजे वर्षाच्या लाभांशाचे भावाशी टक्केवारीत प्रमाण. निवृत्तीची पुंजी गुंतवू पाहणारी माणसे हा सल्ला गांभीर्याने घेतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे आवश्यक आहे.

पी-ईपासून सुरुवात करू. या गुणोत्तराच्या छेदात सरलेल्या वर्षाचा नफा असतो, आणि पोलाद, धातू, साखर यांसारख्या चक्रीय, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांत सापडणाऱ्या, उद्योगांत तो नफा शिखरावर असतानाच पी-ई सर्वांत कमी दिसतो. टाटा स्टीलला २०२१-२२ मध्ये ४१,७०० कोटी रुपयांहून अधिक एकत्रित (उपकंपन्यांसह) नफा झाला आणि मार्च २०२२ अखेरच्या भावाला पी-ई चारच्या आसपास होता. पुढच्या वर्षी नफा सुमारे ८,००० कोटींवर आला. भाव उतरलेला असूनही पी-ई चौदाच्या पुढे गेला. २०२३-२४ मध्ये तर कंपनीने तोटा नोंदवला. अशा उद्योगात एका वर्षाच्या नफ्याऐवजी सात-आठ वर्षांची सरासरी छेदात घातली, तरच आकड्याला काही अर्थ राहतो.

लाभांश उताऱ्याबाबतचे विधान मला सर्वांत घातक वाटते. वेदांता कंपनीने २०२२-२३ या वर्षासाठी पाच अंतरिम (अंतिम लाभांशाआधी दिलेले) लाभांश मिळून प्रतिशेअर १०१.५० रुपये दिले. मार्च २०२३ अखेर भाव २७५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे उतारा तब्बल ३७ टक्के दिसत होता. परंतु वाटलेली एकूण रक्कम सुमारे ३७,७०० कोटी होती, तर भागधारकांच्या वाट्याचा एकत्रित नफा साधारण १०,५०० कोटी. दोन-तृतीयांशांहून अधिक हिस्सा बाळगणाऱ्या मूळ कंपनीला आपले कर्ज फेडण्यासाठी पैसा हवा होता, हे लक्षात घेतले की या औदार्याचा उलगडा होतो. पुढच्या वर्षाचा लाभांश २९.५० रुपये होता. ज्यांच्याकडे शेअर आधीपासून होते त्यांना ती रक्कम खरोखरच मिळाली. ३७ टक्के पाहून नंतर आलेल्यांना मात्र तो उतारा मिळणारच नव्हता. उताऱ्याशेजारी लाभांशाचे नफ्याशी प्रमाण मांडले असते, तर ही विसंगती दोन मिनिटांत दिसली असती.

पुस्तकी मूल्याचेही तसेच. नफ्याहून अधिक लाभांश वाटला की फरक साठलेल्या गंगाजळीतून जातो आणि पुस्तकी मूल्य घटते. हिंदुस्थान झिंकने २०२२-२३ मध्येच प्रतिशेअर ७५.५० रुपये वाटले. तिचे नक्त मूल्य, म्हणजे एकूण पुस्तकी मूल्य, वर्षभरात ३४,००० कोटींवरून १३,००० कोटींच्या खाली आले. म्हणजे सूत्रातला मोठा उतारा त्याच सूत्रातली पुस्तकी स्वस्ताई खाऊन टाकू शकतो.

लाभांशाला व्याज म्हणणे तर तत्त्वतःच चूक आहे. ठेवीवरील व्याज हे बँकेवरील बंधन असते. लाभांश द्यायचा की नाही, हे संचालक मंडळ ठरवते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश देण्यास मनाई केली, तेव्हा नफ्यात असलेल्या बँकांच्या भागधारकांनाही पुढचा लाभांश मिळाला नाही. शिवाय ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, त्या दिवशी भाव साधारण तेवढ्याच रकमेने खाली उघडतो. जाहिरातींतील ‘५०० टक्के लाभांश’ हा दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीवर, असतो. ते एक रुपया असेल तर हाती पाच रुपये येतात, मग भाव हजार का असेना.

करमुक्तीचा दावा कालबाह्य आहे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीला आठ टक्के उताऱ्यातून उपकर वगळूनही ५.६ टक्केच उरतात.

सूत्रातल्या पी-ई आणि लाभांश उतारा या खुणा कधीच खऱ्या ठरत नाहीत, असे माझे म्हणणे नाही. २०२० च्या ऑक्टोबरात कोल इंडियाचा भाव ११५ रुपयांच्या आसपास होता, आदल्या वर्षाचा लाभांश १२ रुपये होता आणि पी-ईही दहाच्या बराच आत होता. तो शेअर खरोखर स्वस्त ठरला. पण तिथे लाभांश नफ्यातूनच दिलेला होता आणि नफ्याच्या तुलनेत कर्ज कमी होते. या दोन्ही गोष्टी ताळेबंद आणि रोकड प्रवाहाच्या पत्रकात दिसत होत्या, सूत्रातल्या तीन आकड्यांत नव्हे.