दिवा काही विझेना

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, गोरेगावच्या आसपास, तो पहिल्यांदा लागला. पिवळ्या रंगात, तोटी फुटलेल्या तांब्यासारखं काहीतरी चित्र. ते इंजिनचं असतं म्हणे.

"पेट्रोल संपलं असेल," शेजारून नवरा म्हणाला. त्याला गाडी येत नाही. विरार लोकलमधून बोरिवलीला उतरता येतं, म्हणजे माणूस कर्तबगार आहे. पण गाडी येत नाही.

गाडी बाबांची, २०१३ सालची. मॅन्युअल अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात लिहिलं होतं की दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, गाडी लगेच थांबवा. नुसता जळत असेल तर लवकर दाखवून घ्या. आमचा नुसता जळत होता. देवघरातल्या समईसारखा, शांत.

सोसायटीत बातमी पसरायला लिफ्टची एक फेरी पुरली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लाव, असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं; त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो, तिकडे तेवढ्यानं दिवा जातो. मी झाकण तीनदा कटकट वाजेपर्यंत फिरवलं. आमच्या दिव्याचं न्यू जर्सीला कोणी नसावं. तळमजल्याचं मत उंदीर असं पडलं. आमच्या तळमजल्याचं कुठल्याही प्रश्नावर तेच मत असतं.

पहिल्या मिस्त्रीनं बॅटरीची मायनसची वायर काढली, दहा मिनिटं चहा प्यायला आणि वायर परत लावली. दिवा गायब! त्याच्यासोबत घड्याळातली वेळ आणि रेडिओची स्टेशनंही गायब. तीनशे रुपये. चौथ्या दिवशी दहिसरला दिवा हजर. रेडिओ मात्र आलाच नाही.

मग मी लॅमिंग्टन रोडवरून काडेपेटीएवढा स्कॅनर आणला. तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत खोचायचा. ती खाच ज्यानं तिथे ठेवली त्याची मान लवचिक असणार. डोकं क्लचपाशी, पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत मला पाहून वॉचमननं विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?" मोबाइलवर उत्तर आलं : पी०१७१, सिस्टिम टू लीन. म्हणजे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. (त्याच आठवड्यात पीयूसी काढली. ती झोकात पास! पेट्रोलच कमी, तर धुरात कार्बन मोनॉक्साइड कुठून वाढणार? गाडी आजारी आणि सर्टिफिकेट निरोगी.)

दुसरा मिस्त्री एसी केबिनवाला. त्यानं कोड ऐकला आणि माझ्या नवऱ्याकडे बघत म्हणाला, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेला." नवऱ्यानं गंभीरपणे मान हलवली. साडेचार हजार रुपये. आठ दिवसांनी तोच दिवा, तोच कोड.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सायलेन्सरच्या पाइपातल्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे, एवढंच तो बिचारा सेन्सर सांगत होता. चोरी झाली म्हणून सांगायला गेलेल्यालाच आम्ही बदलून टाकलं होतं आणि चोर बॉनेटखाली निवांत.

तिसरा मिस्त्री स्टेशनमागच्या गल्लीतला, सत्तरीचा. स्कॅनर बघायलाही त्यानं नकार दिला. "गाडी चालू करा ताई." (मला! नवऱ्याला नाही!) रबरी पाइपचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवू लागला, डॉक्टर छाती तपासतात तसं. एका जागी थांबला. "ऐका." मी कान लावला. फुस्स्स. कुकरची रिंग सैल झाली की येतो तसाच आवाज. खात्रीसाठी त्यानं तिथे कार्ब क्लीनरची, म्हणजे पेट्रोलसारख्याच पेटणाऱ्या फवाऱ्याची, बारीकशी पिचकारी मारली, तर तो आत ओढला जाऊन इंजिननं एकदम सूर बदलला.

एअर फिल्टरच्या पुढची, करंगळीएवढी, कोपरात वळलेली नळी. वरून धडधाकट. त्यानं काढून अंगठ्यानं वाकवली, तेव्हा आतल्या वळणावर चीर उघडली, ओठ विलग व्हावेत तशी. इतक्या वर्षांची उष्णता खाऊन रबर खाकऱ्यासारखं कडक झालं होतं. चिरेतून हवा आत शिरायची, जिचा हिशेब गाडीच्या कॉम्प्युटरकडे नसायचा. दाताची खूण एकही नाही. उंदीर निर्दोष सुटले.

नळी एकशेचाळीस रुपये. मजुरी विचारली, तर म्हणाला, "द्या काय द्यायचं ते." मुंबईत यापेक्षा महाग वाक्य नाही. मी पाचशे दिले.

"दिवा अजून आहे की!"

"चार-पाच दिवस चालवा, स्वतःहून जाईल. गाडीला खात्री पटायला वेळ लागतो."

चालवली. भाजी आणायलाही नेली, आणि पार्किंगसाठी भाजीपेक्षा जास्त वेळ घालवला. पाचव्या दिवशी बोरिवली स्टेशनवरून नवऱ्याला घेऊन येताना सिग्नलला गाडी चालू केली, आणि ती जागा काळी. मी ओरडलेच.

"गेला ना?" नवरा म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, पेट्रोल भर."

मी उत्तर देणार, एवढ्यात पेट्रोलचा दिवा लागला.