14 टक्के टेंडर वोट झाले की पुन्हा मतदान? असा नियमच नाहीये

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. यादीत नाव नसलं तरी आधार नाहीतर वोटर कार्ड दाखवून कलम 49ए खाली "चॅलेंज वोट" मागा, तुमचं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल तर "टेंडर वोट" मागा, आणि एखाद्या बूथवर 14 टक्क्यांच्या वर टेंडर वोट झाले तर तिथे पुन्हा मतदान होतं, असं त्यात लिहिलंय. मी दोनदा पोलिंग एजंट म्हणजे उमेदवाराचा माणूस म्हणून बूथवर बसलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. यादीत नाव नाही तर मत नाही, कार्ड कुठलंही दाखवा. कार्डानं फक्त तुम्ही कोण ते कळतं. आणि 49ए हा 1961 च्या निवडणूक नियमांतला नियम आहे खरा, पण तो मतदानाचं मशीन कसं असावं त्याबद्दल आहे. चॅलेंज 49जे मधे आहे आणि ते मतदार मागतच नाही, ते आम्ही एजंट करतो. समोरचा माणूस यादीतला तो नाहीये असा संशय आला तर पीठासीन अधिकाऱ्याकडे 2 रुपये भरायचे, ते तिथल्या तिथे चौकशी करतात, माणूस खरा निघाला तर मत देतो, तोतया निघाला तर पोलिसांच्या हवाली. मेसेजमधे हे पार उलटं केलंय.

13 मे 2024 ला आमच्या बूथवर एक काकू आल्या होत्या, रामबागेतून घर बदलून आमच्याकडे सुदामानगरला आलेल्या. मोबाइलवर हाच मेसेज उघडलेला, 49ए वर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हा बघा कायदा." अधिकाऱ्यांनी यादीची पानं त्यांच्यासमोर उलटली, नाव नव्हतंच, ते जुन्या पत्त्याच्या बूथवर होतं. हे कळेपर्यंत साडेपाच वाजले, मतदान सहाला संपतं. त्या तिथेच खुर्चीवर बसून राहिल्या. महिनाभर आधी पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरला असता तर त्यांचं मत गेलं नसतं, पण मेसेजनं त्यांना आधीच निश्चिंत करून टाकलं होतं.

टेंडर वोट मात्र खरं आहे, नियम 49पी. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते, फॉर्म 17बी वर सही घेतात. पण ते मत मशीनमधे जात नाही, पाकिटात बंद होतं आणि मोजणीत धरत नाहीत. 2008 ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं हरले तेव्हा ही टेंडर मतं बघायची की नाही हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, म्हणजे त्यांचा उपयोग आहे, पण कोर्टात.

आता ते 14 टक्के. असा आकडा कुठल्याच नियमात नाहीये. जरा हिशोब करा, बूथवर 1,000 मतं पडली तर 140 टेंडर वोट लागतील, आणि एका बूथला टेंडरसाठी साधारण 20 मतपत्रिका देतात. पुन्हा मतदान घ्यायचं का ते निवडणूक आयोग ठरवतो, मशीन फोडलं, बूथ लुटला, मोठी गडबड झाली अशा कारणांवर, अधिकाऱ्यांचा रिपोर्ट बघून.

काही जण म्हणतात, चुकीचा का असेना, लोक जागे तर होतात ना. नाही होत! बोगस मतदान होतंच नाही असं मी म्हणत नाहीये, पण ते पकडायचं असेल तर बूथवर प्रत्येक पक्षाचा एजंट हवा, त्याच्याकडे मेलेल्या आणि दुसरीकडे गेलेल्या लोकांची यादी हवी, आणि संध्याकाळी फॉर्म 17सी ची, म्हणजे बूथवरच्या मतांच्या हिशोबाची कॉपी त्यानं घेतलीच पाहिजे, कारण टेंडर किती झाले तेही त्यात लिहिलेलं असतं. निकालावर शंका असेल तर 45 दिवसांत हायकोर्टात याचिका. हे सगळं सोडून माणूस 14 टक्क्यांची वाट बघत घरी बसतो.

तुमचं मत खरंच कुणी टाकून गेलं असेल तर भांडून परत येऊ नका, 49पी चं नाव घेऊन मतपत्रिका मागा, 17बी वर सही करा आणि तिथे बसलेल्या एजंटांना सांगा. आणि यादी आजच बघा, नाहीतर मतदार हेल्पलाइन 1950 ला फोन लावा.