खासबागेला छप्पर का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानावरील माझ्या लेखाबद्दल आपण तीन आक्षेप घेतले आहेत: रोमच्या कोलोसियमशी केलेली तुलना ही निव्वळ खुशामत आहे; ज्याला छप्परही नाही असे मैदान म्हणजे एका संस्थानिकाने पुरवलेला शौक आहे; आणि बेळगावच्या माणसाने आपल्याच गावचा आनंदवाडीचा आखाडा सोडून कोल्हापूरचे गुणगान का करावे?

पहिला आक्षेप दिसण्यापुरता मला मान्य आहे. कोलोसियम लंबवर्तुळाकार आहे, त्याची बाहेरची भिंत चार मजली आणि जवळजवळ पन्नास मीटर उंच आहे. खासबागेत तसे काहीच नाही. परंतु सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली युरोपात गेलेल्या शाहू महाराजांनी रोममध्ये जे पाहिले, त्यातून कमानी उचललेल्या नाहीत, तर बैठकीची रचना उचलली. रोमनांनी बैठका कमानींवर चढवल्या; कोल्हापुरात १९१२ मध्ये खुल्या झालेल्या मैदानात प्रेक्षक मधल्या हौदाकडे, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याकडे, उतरत जाणाऱ्या मातीवरच बसतो. कुस्तीच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. सपाट माळावर फड भरला की पुढचे उभे राहतात, मागच्यांना केवळ आरोळी ऐकू येते, आणि पाठ लागली की नाही यावरून जो वाद पेटतो तो पंचांनाही आवरत नाही. गोलाकार उतारावर मात्र हजारो लोक एकाच वेळी साक्षीदार होतात. मग चितपट झालेल्या मल्लाला हुज्जत घालायला जागाच उरत नाही. उद्घाटनाची इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत अशा बैठकीसमोर झाली, हे लक्षात घेतले तर तुलना खुशामतीची वाटणार नाही.

छपराविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडची जंगी मैदाने सुगीनंतर आणि जत्रा-यात्रांच्या दिवसांत भरतात, पावसाळ्यात नव्हे. शिवाय एवढ्या मोठ्या घेराला आधाराचे खांब न देता छप्पर घालणे त्या काळी सोपे नव्हते, आणि खांब दिले असते तर उताराचा सारा फायदाच गेला असता.

शौकाबद्दल म्हणाल, तर महाराजांना कुस्तीचे वेड होते हे कोणीच नाकारत नाही. मात्र युरोपच्या त्याच प्रवासात ते परदेशी असताना, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. मैदानाला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. (८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते जळाले, तेव्हा इकडच्या नाट्यरसिकांनाही घरचेच काही गेल्यासारखे वाटले.) कुस्ती आणि नाटक या दोन्ही गोष्टींसाठी सामान्य माणसाला बसायला धड जागा मिळाली, याला केवळ शौक म्हणणे मला अपुरे वाटते.

आता बेळगाव. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे मूळचे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे, आणि मल्ल म्हणून ते घडले कोल्हापूरच्या तालमीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते आणि एकसंब्याच्या पोराला कोल्हापूर परके नव्हते. सीमा आखली गेल्यानंतरही इकडचे मल्ल तिकडे लढायला जातात आणि तिकडचे आपल्या जत्रांतील मैदानांत उतरतात. म्हणून खासबागेवर लिहिताना मी बेळगाव सोडून गेलो, असे मला वाटत नाही.

आनंदवाडीवर स्वतंत्र लेख हवा, ही आपली मागणी मात्र रास्त आहे. तो जुन्या वस्तादांशी बोलूनच लिहावा लागेल. आपल्या घरी जुन्या मैदानांची हस्तपत्रके किंवा छायाचित्रे जपून ठेवलेली असतील, तर कृपया पाहायला द्यावीत.