‘पार्सल गायब, दुकान म्हणतं थांबा’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार अशी आहे: मागवलेलं शाईपेन आलं नाही. ट्रॅकिंग नंबर पहिल्या दिवशी साइटवर सापडेना, म्हणून तो खोटा वाटला. पुढे ट्रॅकिंग एकाच ओळीवर अडकलं. पैसे परत मागितले तर आम्ही थांबायला सांगितलं आणि वर तुमचाच पत्ता पुन्हा विचारला. विमा असताना एवढी टाळाटाळ कशाला, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

आधी पैशांचं बोलू. पार्सल तुमच्या हातात पडेपर्यंत जोखीम आमची. पोस्टाच्या खिडकीवर खेटे घालणं हे तुमचं काम नाही. विम्याचा दावा आमच्यात आणि पोस्टात. तो मंजूर होवो, रखडो की फेटाळला जावो, तुमचे पैसे त्यावर अडून नाहीत. ‘विम्याचे आले की देतो’ असं कुठलंही दुकान म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका. शिवाय दावा मंजूर झाला तरी बिलावर सिद्ध होणाऱ्या किमतीपुरतीच भरपाई मिळते. किंमत फुगवून लिहून फायदा नाही, आणि कमी लिहिली तर तेवढीच हाती येते.

आता नंबराबद्दल. लेबल छापलं की नंबर तयार होतो, पण साइटवर तो दिसतो पोस्टाने पहिला स्कॅन केल्यावर. संध्याकाळी उचललेल्या मालाचा स्कॅन बऱ्याचदा रात्री किंवा दुसऱ्या दिवशी होतो. म्हणून विक्रेत्याने ‘पाठवलं’ म्हटल्यावर नुसता नंबर मागू नका, बुकिंगची पावती मागा. तिच्यावर तारीख आणि ग्रॅममध्ये वजन असतं. तुमच्या पार्सलच्या पावतीचा फोटो इमेलने पाठवला आहे. आंतरराष्ट्रीय नमुन्याचा नंबर तर घरी बसून तपासता येतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणा, बेरीज करा, तिला 11 ने भागा आणि बाकी 11 मधून वजा करा. येईल तो नववा आकडा. 10 आले तर 0 आणि 11 आले तर 5 धरायचे. अर्थात हिशेब जुळला म्हणजे पार्सल निघालं असं नव्हे. नंबर टाइप करताना चूक झालेली नाही, एवढंच त्यातून कळतं.

थांबायला सांगण्याचं कारण ट्रॅकिंगच्या रचनेत आहे. ट्रॅकिंग म्हणजे स्कॅनची यादी, दोन स्कॅनच्या मध्ये काय झालं ते त्यात नसतं. छोटी पाकिटं सॉर्टिंग केंद्रात एका बॅगेत भरतात, बॅग बंद होते आणि पुढचा सगळा प्रवास बॅगेच्या नंबरवर चालतो. ‘बॅग रवाना’ ही तुमच्या पार्सलची शेवटची ओळ आहे. बॅग उघडताना आतलं एखादं पाकीट स्कॅन व्हायचं राहिलं तर ते पुढे सरकत असतं आणि साइटवर मात्र जागच्या जागी दिसतं. बॅग चुकीच्या मार्गाला गेली तर परतीचा फेरा पडतो. अशी पार्सलं बऱ्याचदा आपोआप उगवतात. पोस्टही ठरावीक मुदत उलटल्याशिवाय चौकशी नोंदवून घेत नाही, आधी अर्ज केला तर ‘वाट पाहा’ असं उत्तर येतं.

खरोखर गहाळ होतात त्यांतली बरीच लेबलपाशी अडलेली असतात. बारकोड पाकिटाच्या कडेवरून दुमडला, त्यावर चकचकीत टेप आली आणि उजेड परावर्तित झाला, थर्मल कागद उन्हात काळवंडला, किंवा जुन्या खोक्यावरचा आधीचा बारकोड तसाच राहिला, तर मशीनला वाचता येत नाही किंवा ते भलताच नंबर वाचतं. त्यातही लेबल पूर्ण सुटलेलं पाकीट सर्वांत वाईट. ते शेवटी उघडून आतल्या चिठ्ठीवरून मालक शोधावा लागतो. म्हणून आमच्या प्रत्येक पाकिटात पेनच्या डबीखाली दोन्ही पत्ते आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. बाहेरचं लेबल सर्वांत मोठ्या सपाट बाजूवर लावतो, टेप फक्त चार कडांना, बारकोडवर नाही.

आता पत्ता. तो पुन्हा विचारला म्हणून तुमच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं असेल, पण कारण वेगळं आहे. सॉर्टिंग पिनकोडवर होतं, गावाच्या नावावर नाही. एक आकडा चुकला की पाकीट दुसऱ्याच डिलिव्हरी ऑफिसला जातं आणि तिथे ‘असा पत्ता नाही’ म्हणून पडून राहतं. इमारतीचं किंवा विंगचं नाव सुटलं तरी तेच. चौकशीच्या अर्जात पत्ता जसाच्या तसा लागतो, शिवाय दारावरच्या पाटीवर वेगळं नाव असेल तर तेही. आत काय आहे हेही नेमकं लिहावं लागतं. ‘पेन’ एवढंच लिहिलं तर बेवारस मालाच्या ढिगात कोणी शोधणार नाही. तुमच्या अर्जात आम्ही लिहिलंय: काळं शाईपेन, सोनेरी क्लिप, निळी पुठ्ठ्याची डबी, तपकिरी बबल पाकीट, सोबत फोटो, बिल आणि पावतीवरचं वजन. वजनाचा उपयोग असा की पाकीट सापडलं आणि भरलं हलकं, तर ते वाटेत फुटलंय हे लगेच कळतं. परदेशी टपालात चौकशीची मुदत पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने असते. ती उलटली की दावाच उरत नाही, त्यामुळे ‘बघू, येईल’ म्हणत बसणंही विक्रेत्याला परवडत नाही.

सध्याची स्थिती: थांबण्याची मुदत संपली, चौकशी नोंदवली आहे, तिचा क्रमांक तुमच्या इमेलवर आहे. निकालाची वाट न पाहता तुम्ही आजच ठरवा, नवीन पेन की पैसे. पेन हवं असेल तर दिवसा माणूस हमखास भेटेल असा पत्ता आणि चालू फोन नंबर कळवा, या वेळी सही घेऊनच डिलिव्हरी होईल. पैसे हवे असतील तर ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत येतील, दुसऱ्या खात्यावर नाही. बँकेकडेही डिस्प्यूट (व्यवहाराचे पैसे परत मिळावेत म्हणून केलेली तक्रार) टाकला असेल तर आधी तसं सांगा. दोन्ही एकदम चालले तर एकाच रकमेचा परतावा दोनदा निघतो आणि ते निस्तरेपर्यंत ऑर्डर अडकून राहते.

आणि त्यानंतर पहिलं पाकीट दारात आलंच, तर सही करू नका आणि उघडू नका. ‘घ्यायचं नाही, पाठवणाऱ्याकडे परत’ एवढं पोस्टमनला सांगा. तुम्हाला खर्च पडणार नाही. घरातल्या कोणी चुकून घेतलं तर ऑर्डर नंबरसह एक मेल करा, उचलायची सोय आम्ही करू.